एक्कावन्न टक्क्यांचं विमान

अमेरिकेत घरच्या गॅरेजात विमान बांधायला आधी कुणाची परवानगी लागत नाही. ते उडवायला मात्र लागते. तिथल्या विमान प्रशासनाची मुख्य अट अशी, की निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा करमणुकीसाठी स्वतः केलेलं असावं. याला सगळे ‘एक्कावन्न टक्क्यांचा नियम’ म्हणतात. तयार सुट्या भागांच्या संचाचा, म्हणजे ‘किट’चा, सगळा धंदा उरलेल्या एकोणपन्नास टक्क्यांवर उभा आहे.

हौस मात्र किटपेक्षा जुनी. सुरुवातीच्या काळातले विमानकार सांतोस-द्यूमाँ यांनी आपल्या ‘दमुआझेल’ विमानाचं पेटंट घेतलं नाही. 1910 साली ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ने त्याचे आराखडे छापले. मग फ्रान्समध्ये आन्री मिन्ये आले. नेहमीचं विमान आपल्याला नीट उडवता येत नाही, म्हणून या गृहस्थांनी पायाने सुकाणू चालवायची सोयच काढून टाकली! त्यांच्या चिमुकल्या ‘पू-द्यु-सिएल’ने 1930च्या दशकात युरोपला वेड लावलं. पण नाक एका मर्यादेपलीकडे खाली गेलं, की पुढच्या-मागच्या पंखांवरून वाहणारी हवा एकमेकींत अशी गुंतायची, की वैमानिकाला ते वर उचलता येत नसे. माणसं गेली, वाऱ्याच्या बोगद्यात चाचण्या झाल्या, बंदी आली.  हौशी विमानांच्या इतिहासात मला हे प्रकरण सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

1953 साली अमेरिकेतल्या मिलवॉकीत पॉल पोबरेझ्नी यांनी हौसेने विमान बांधणाऱ्यांची संघटना काढली. तिची जत्रा 1970पासून ऑशकॉशला भरते. विमानरचनाकार बर्ट रुटान यांनी फोम आणि फायबरग्लासची, शेपटी पुढे असलेली विमानं आणली. पण बाजार जिंकला तो ऑरेगनच्या रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांच्या अॅल्युमिनियमच्या ‘आरव्ही’ मालिकेने. या मालिकेतली अकरा हजारांहून अधिक विमानं उडाली आहेत.

आरव्हीचं काम बहुधा शेपटीपासून सुरू होतं. भाग लहान असतात, आणि हात बसेपर्यंत बिघडलेला पत्रा फेकून नवा मागवणं परवडतं. पत्रे ‘क्लेको’ नावाच्या स्प्रिंगच्या टाचण्यांनी तात्पुरते जोडायचे, भोकं पक्की करायची, सगळं पुन्हा सोडायचं, प्रत्येक भोकाची कड साफ करायची, आणि मगच रिव्हेट. एकजण बाहेरून हवेची बंदूक चालवतो, दुसरा आतून पोलादी ठोकळा दाबून धरतो. बहुतेक घरांत हा दुसरा म्हणजे बायको किंवा शेजारी. हजारो रिव्हेट, साधारण दीड ते अडीच हजार तास. नोकरी सांभाळून करणाऱ्याची त्यात कित्येक वर्षं जातात. अर्धवट किटच्या विक्रीच्या जाहिराती कायम दिसतात, त्या यामुळेच.

कारखानाही चुकतो. लेझरने कापलेल्या भोकांच्या कडांना चिरा पडू लागल्या, खर्चाचा मेळ बसेना, आणि डिसेंबर 2023मध्ये आरव्ही बनवणाऱ्या व्हॅन्स कंपनीने दिवाळखोरी कायद्याखाली संरक्षण मागितलं. पुढच्या वर्षी ती सावरली.

धोका मात्र रिव्हेटात कमी, उड्डाणात जास्त. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने 2012 साली केलेल्या अभ्यासात दोन कारणं ठळक दिसली: इंजिन-यंत्रणेतला बिघाड आणि हवेत ताबा सुटणं. अपघातग्रस्त विमानांपैकी निम्म्याहून अधिक जुनी विकत घेतलेली होती. म्हणजे ती बांधणारा आणि उडवणारा वेगळा होता. पूर्वी चाचणीच्या काळात वैमानिकाने एकट्यानेच उडायचं, असा दंडक होता. 2014पासून जाणकार दुसरा वैमानिक सोबत नेता येतो. शहाणपण उशिरा आलं, पण आलं.

आपल्याकडचं उदाहरण किटचं नाही, त्याहून अवघड आहे. वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. 2016 साली ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं. नोंदणी 2017 साली मिळाली, आणि पुढे धुळ्याच्या धावपट्टीवर ते उडालं. शिवकर तळपदे यांनी 1895 साली चौपाटीवर विमान उडवल्याची आख्यायिका आपण अभिमानाने सांगतो. तिला भक्कम पुरावा नाही. यादवांच्या विमानाला नोंदणी क्रमांक आहे, तरी त्याची चर्चा कमीच होते. अमेरिकेत पोबरेझ्नींच्या संघटनेचे अनुभवी सभासद नवख्याच्या गॅरेजात येऊन, पत्रा कायमचा बंद होण्याआधी आतले रिव्हेट फुकट तपासून देतात. गच्चीवर एकट्याने बांधणाऱ्याला अशी दुसरी नजर मिळणं इथे फार कठीण आहे.