पिकअपच्या पुढील चाकांचे बॉल जॉइंट

बैलगाडी जुंपण्यापूर्वीं आंसाला वंगण घालण्याची शिस्त आपल्या वडिलांच्या अंगवळणीं पडलेली होती. आतां केज तालुक्यांतील बियाणें, खत व सोयाबीन पिकअपमधून ने-आण होतें. वाहन बदललें, पण ती शिस्त त्याच्याबरोबर आली नाहीं. तिची किंमत प्रस्तुत लेखकानें मोजली आहे.

माझ्या जुन्या पिकअपच्या पुढील डाव्या चाकापाशीं खड्ड्यांत 'टक्‌' असा आवाज कांहीं महिने येत होता. टायरही आंतल्या कडेनें झिजला होता. मीं टायर नवा घातला व आवाजाकडे दुर्लक्ष केलें. पुढें सोयाबीनचीं पोतीं घेऊन धारूरचा घाट उतरलों आणि सपाटीवर येतांच खालचा बॉल जॉइंट सुटून चाक आडवें झालें. वेग बेताचा होता म्हणून आम्ही तिघे वांचलों. हेंच घाटाच्या वळणावर घडतें तर हा लेख लिहावयास मी नसतों.

बॉल जॉइंट म्हणजे वाटींत बसविलेला पोलादी गोळा. मनुष्याच्या खुब्याच्या सांध्यासारखी त्याची रचना असते. चाक खड्ड्यांत वर-खालीं होतें व वळणावर फिरतें. या दोन्ही हालचाली तोच सांभाळतो. त्याच्या आंत ग्रीस व वर रबरी टोपी असते. टोपी फाटली कीं धूळ व पाणी आंत शिरतें, ग्रीस निघून जातें आणि सांधा झिजूं लागतो. ज्या पिकअपला पुढें अखंड आंस व पाटे असतात, तिच्यांत या जागीं बहुधा किंगपिन असते. सबब आपली गाडी कोणत्या प्रकारची, हें प्रथम पाहावें.

तपासणी करतांना गाडी टणक व सपाट जागीं उभी करून मागील चाकांस दगड लावावे. स्प्रिंग किंवा टॉर्शन बार खालच्या आर्मवर असल्यास जॅक त्याच आर्मच्या चाकाकडील टोकाखालीं लावावा. वरच्या आर्मवर असल्यास चेसिसखालीं. असें न केल्यास स्प्रिंगचा दाब सांध्यावर राहतो व ढिलाई लपते. मग चाकाखालीं पहार घालून चाक उचलून पाहावें, तसेंच टायर वर व खालीं धरून हलवावा. दुसऱ्या माणसानें सांध्यावर नजर ठेवावी. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली, तर दोष बहुधा चाकाच्या बेअरिंगचा समजावा.

सांधा बदलतांना चेसिसखालीं भक्कम स्टँड द्यावेत. केवळ जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं जाऊं नये. खालच्या आर्मचा आधार काम संपेपर्यंत काढूं नये, कारण दाबलेली स्प्रिंग सुटल्यास जीव घेते. कॉटर पिन काढून नट थोडा सैल करावा, पण पुरता काढूं नये. मग पुलर लावून निमुळता दांडा सोडवावा. नवा दांडा कोरडा व स्वच्छ बसवावा. त्याच्या निमुळत्या भागास ग्रीस लावूं नये. नट गाडीच्या पुस्तिकेंतील मापानें आवळावा. पिनेचें भोंक जुळलें नाहीं, तर नट किंचित्‌ आणखी आवळावा, मागें फिरवूं नये. कॉटर पिन दर वेळीं नवीच घालावी. जे सांधे दाबून बसविलेले असतात त्यांस प्रेस लागतो. तें काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करवावें. झिजलेल्या वाटीस वेल्डिंग करून वेळ निभावणें हा शुद्ध आत्मघात होय. शेवटीं चाकांची अलाइनमेंट करून घ्यावी, नाहींतर नवा टायरही तसाच झिजेल.

महसूल खात्याच्या नोकरींत मीं पुष्कळ पंचनामे लिहिले. पंचनामा नुकसान झाल्यावर होतो आणि त्यानें गेलेलें पीक परत येत नाहीं. चाकाचा पंचनामा मात्र नुकसानीपूर्वीं करतां येतो. मृगाच्या आधीं एकदां व सोयाबीनच्या राशीपूर्वीं एकदां, एवढा वेळ प्रत्येक शेतकरीबंधूनें काढावा. आपल्या गाडींत पोत्यांबरोबर माणसेंही असतात.