उद्याच्या विजेचा आजचा हिशेब

राज्यातील कोणत्याही ३३ केव्ही उपकेंद्रात गेल्यास तेथे एक जाड नोंदवही आढळते. कामावरील यंत्रचालक प्रत्येक वाहिनीवरील, म्हणजे फीडरवरील, विद्युतभार ठराविक वेळी तीत लिहीत असतो. आता अनेक वाहिन्यांच्या नोंदी स्वयंचलित मीटरवरून दूर बसूनही वाचता येतात. परंतु नोंदीचे महत्त्व तेच राहिले आहे. वरवर रुक्ष दिसणाऱ्या या अंकांच्या आधारेच पुढील पाच, सात किंवा दहा वर्षांनी राज्याला किती वीज लागेल, ती कोठून आणावी आणि त्यासाठी कोणते करार आज करावेत, हे ठरविले जाते.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना २० जून १९६० रोजी झाली. विद्युत कायदा, २००३ अन्वये जून २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन निर्मितीसाठी महानिर्मिती, पारेषणासाठी महापारेषण व वितरणासाठी महावितरण अशा कंपन्या अस्तित्वात आल्या. मुंबईचा मोठा भाग वगळता उर्वरित राज्यास वीज पुरविण्याची जबाबदारी महावितरणकडे आहे. अलीकडच्या उन्हाळ्यांत तिच्या क्षेत्रातील कमाल मागणी २५ हजार मेगावॅटच्या आसपास पोहोचली आहे. एवढ्या विजेची तरतूद आयत्या वेळी करता येत नाही. सौर प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहू शकतो. पण कोळशावरील नवे केंद्र कल्पनेपासून कार्यान्वित होईपर्यंत पाच ते सात वर्षे सहज जातात, आणि जलविद्युत प्रकल्पास त्याहूनही अधिक काळ लागतो. म्हणूनच आजचा निर्णय हा नेहमी पुढच्या दशकाविषयीचा अंदाज असतो.

युनिट वेगळे, मेगावॅट वेगळे

या अंदाजाचे दोन भाग असतात. वर्षभरात एकूण किती युनिट वीज लागेल, हा एक. आणि वर्षातील सर्वाधिक ताणाच्या क्षणी एकाच वेळी किती मेगावॅट लागतील, हा दुसरा. सामान्य वाचकाची (आणि प्रस्तुत लेखकासारख्या कला शाखेच्या पदवीधराचीही) येथेच गफलत होते. म्हणून एक साधे उदाहरण घेऊ.

पाच अश्वशक्तीचा कृषिपंप चालू असताना सुमारे ३.७ किलोवॅट वीज घेतो. एका वाहिनीवर असे तीनशे पंप आहेत आणि ते सर्व रोज एकाच वेळी आठ तास चालतात, असे समजू. तर त्या वाहिनीवर एका वेळी सुमारे १,१०० किलोवॅट भार येईल व दिवसाला सुमारे ९ हजार युनिट खर्च होतील. आता याच पंपांचे शंभर-शंभरचे तीन गट करून त्यांना आठ-आठ तासांच्या पाळ्या दिल्या, तर युनिट तेवढेच खर्च होतील. परंतु एका वेळचा भार मात्र सुमारे ३७० किलोवॅटवर येईल. रोहित्र लहान चालेल, तारा कमी जाड चालतील, वीजकेंद्राची क्षमताही कमी लागेल.

शेतकऱ्याच्या वाट्याला रात्रीची वीज का आली, याचे उत्तर या गणितात आहे. कृषिपंपांना चक्राकार पद्धतीने दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास पुरवठा करण्याची जी पद्धत राज्यात रूढ झाली, तिने कमाल मागणी आटोक्यात राहिली हे खरे. पण त्यासाठी थंडीच्या रात्री, साप-विंचवाच्या आणि उसाच्या पट्ट्यात बिबट्याच्या भीतीत, बांधावर उभे राहावे लागले ते शेतकऱ्याला. नियोजनाच्या कागदावर हा खर्च कोठेही लिहिला जात नव्हता.

अंदाज कसा बांधतात

केंद्रीय विद्युत प्राधिकरण देशाचे विद्युत सर्वेक्षण वेळोवेळी प्रसिद्ध करते; त्यातील विसावे सर्वेक्षण २०२२ मध्ये आले. या कामाची मुख्य पद्धत समजण्यास कठीण नाही. घरगुती, वाणिज्यिक, औद्योगिक, शेती, पाणीपुरवठा, पथदिवे, रेल्वे अशा वर्गांची स्वतंत्र मांडणी करतात. प्रत्येक वर्गात ग्राहक किती, त्यांत दरवर्षी भर किती, एका ग्राहकाचा सरासरी वापर किती व तो कोणत्या गतीने वाढतो, हे पाहून बेरीज केली जाते. त्या बेरजेत वाटेत होणारी गळती मिळवली की लागणाऱ्या एकूण विजेचा आकडा मिळतो.

त्यानंतर ऋतुमान येते. आपल्याकडे मार्च ते मे या उन्हाळ्याच्या महिन्यांत आणि पुन्हा ऑक्टोबरच्या उकाड्यात मागणी चढते; पावसाळ्यात पंप बंद राहिल्याने ती उतरते. पाऊस दगावला तर मात्र दुहेरी संकट ओढवते. पिके वाचविण्यासाठी पंप सुरू होतात आणि त्याच वेळी धरणांत पाणी येत नाही. १९०१ पासूनच्या नोंदींत २०२३ चा ऑगस्ट देशातील सर्वांत कोरडा ठरला आणि १ सप्टेंबर २०२३ रोजी देशाची कमाल मागणी जवळजवळ २ लाख ४० हजार मेगावॅटवर गेली. एरवी हा काळ वीजकेंद्रांच्या दुरुस्तीचा मानला जातो.

अंदाज चुकतो तेव्हा

अंदाज दोन्ही बाजूंनी चुकू शकतो आणि महाराष्ट्राने दोन्ही चुकांची किंमत मोजली आहे. मागणी झपाट्याने वाढेल या अपेक्षेने डिसेंबर १९९३ मध्ये दाभोळ प्रकल्पाचा वीजखरेदी करार झाला. त्याचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. वीज घेतली वा न घेतली तरी स्थिर आकार द्यावयाचा, अशी कराराची रचना होती. वीज महाग, इंधन नाफ्था, आणि एवढी महाग वीज घेण्याची ऐपत असलेली मागणी प्रत्यक्षात नाही, अशा स्थितीत मे २००१ मध्ये मंडळाने ती घेणे थांबविले व प्रकल्प बंद पडला.

त्यानंतर, लेखकाच्या मते, सर्वांनीच हात आखडता घेतला. क्षमतेत पुरेशी भर पडली नाही, मागणी मात्र थांबली नाही. २००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने दीर्घ भारनियमनात काढली. शाळेतील संगणक, पिठाची गिरणी, नळयोजनेची टाकी, सर्वांचे वेळापत्रक भारनियमनाच्या तक्त्यावरून ठरू लागले. याच काळात गावठाणाच्या व शेतीच्या वाहिन्या वेगळ्या करण्याचे काम झाले, त्याचा उपयोग आजही होत आहे. पुढे नवे संच व नवे करार एकदम हाती आले. कोराडीचे ६६० मेगावॅटचे तीन संच २०१५ ते २०१७ या काळात सुरू झाले. तोवर करारबद्ध क्षमता गरजेपेक्षा अधिक झाली होती, आणि न चालणाऱ्या संचांचाही स्थिर आकार वीजदरात मिसळू लागला. तुटवडा डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याची चर्चा होते. अतिरिक्त क्षमतेचा भार बिलात बेमालूम मिसळलेला असतो.

मीटर नसलेला ग्राहक

या साऱ्या हिशेबातील सर्वांत कच्चा दुवा शेतीचा आहे. राज्यात कृषिपंपांच्या जोडण्या ४५ लाखांच्या घरात असून महावितरणच्या एकूण विक्रीतील चौथ्या हिश्श्याहून अधिक वीज त्यांच्या नावावर दाखविली जाते. यांतील पुष्कळ जोडण्यांना मीटर नाही. आकारणी अश्वशक्तीवर होते. म्हणजे पंप किती तास चालला हे गृहीत धरावे लागते. गृहीत तास वाढविले की शेतीचा वापर फुगतो आणि गळती व चोरी कमी दिसते. २००० साली महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या पहिल्या दरनिश्चितीच्या वेळी या आकड्यांची छाननी झाली, तेव्हा गळती पूर्वी सांगितल्यापेक्षा पुष्कळच अधिक असल्याचे पुढे आले. २०२० च्या दरनिश्चितीपूर्वीही शेतीच्या वापराचा अभ्यास आयोगाला कार्यगटाकडून करून घ्यावा लागला.

हा केवळ हिशेबाचा वाद नाही. जी वीज तारांत मुरते ती पंपाने खेचली असे मानले, तर नियोजनकार नवे केंद्र सुचवितो. वास्तविक तेथे वाहिनीची दुरुस्ती हवी असते. म्हणूनच वेगळ्या केलेल्या कृषिवाहिनीच्या मुखाशी बसविलेल्या मीटरची नोंद मोलाची ठरते.

सूर्य मावळल्यावर

आता या गणिताचे स्वरूपच पालटत आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या व २०२३ मध्ये दुसऱ्या टप्प्यात विस्तारलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून कृषिवाहिन्यांना दिवसा वीज देण्याचे उद्दिष्ट आहे. एका मेगावॅटला साधारण चार ते पाच एकर जागा लागते. खाजगी जमिनीसाठी हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे ठरविण्यात आले आहे. रात्रीच्या पाळीचा प्रश्न यामुळे सुटू शकतो.

नवा प्रश्न संध्याकाळचा आहे. सूर्य मावळताच सौर निर्मिती शून्यावर येते आणि त्याच सुमारास घराघरांत दिवे, पंखे लागतात. कोयनेच्या संचांची क्षमता सुमारे १,९५६ मेगावॅट आहे. परंतु पश्चिमेकडे वळविता येणारे पाणी कृष्णा पाणी तंटा लवादाने वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांपर्यंत मर्यादित केले असल्याने ते मुख्यतः अशा निकडीच्या तासांसाठी राखावे लागते. अहिल्यानगर व ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवरील घाटघर येथे २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. वीज मुबलक असताना खालचे पाणी वर चढवावयाचे व टंचाईच्या वेळी ते सोडून वीज निर्माण करावयाची, अशी त्याची योजना. असे प्रकल्प व मोठ्या बॅटऱ्या यांची गरज पुढे वाढत जाणार आहे.

किती राखीव क्षमता ठेवावी, यालाही आता मापदंड आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अभ्यासांत वीज अपुरी पडण्याची शक्यता ०.२ टक्के इतकी मर्यादित धरतात. वर्षाच्या ८,७६० तासांपैकी हे सुमारे साडेसतरा तास होतात. आयोगाने २०२४ मध्ये यासंबंधीचे विनियम केले असून वितरण कंपनीस दहा वर्षांचा आराखडा करून तो दरवर्षी सुधारावा लागतो.

या आराखड्याचा कच्चा माल गावातूनच जातो. नवी नळयोजना, शीतगृह, पथदिव्यांची वाढ, उपसा सिंचन किंवा शाळेची नवी इमारत मंजूर होताच अपेक्षित विद्युतभार उपविभागीय कार्यालयास लेखी कळविणे ग्रामपंचायतीस सहज शक्य आहे. अनेक ठिकाणी काम पूर्ण होऊन उद्घाटनाची तारीख ठरल्यावर जोडणीचा अर्ज येतो आणि मग रोहित्राची क्षमता अपुरी असल्याचे लक्षात येते. गावातील कृषिवाहिनी कोणती, तिच्यावर जोडण्या किती आणि वाहिनीच्या मीटरवर गेल्या वर्षी किती युनिटांची नोंद झाली, ही माहिती ग्रामसभेसमोर ठेवण्याची विनंती सदस्यांनी शाखा अभियंत्यास अवश्य करावी.