पिवळा दिवा काय सांगतो?

मोटार सुरळीत धावत असता एकाएकी समोर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो, आणि घरच्या मंडळींच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो खर्चाचा. दिवा लुकलुकत असेल तर तो प्रश्न तूर्त बाजूस ठेवून गाडी सुरक्षित जागी थांबवावी. अशा वेळी एखाद्या सिलिंडरात पेट्रोल नीट जळत नसते. ते धुराच्या नळीत जाऊन पेटते आणि तेथील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हे धूर शुद्ध करणारे महागडे पात्र त्या उष्णतेने निकामी होऊ शकते. दिवा स्थिर असेल, आणि तेलाचा व तापमानाचा इशारा नसेल, तर मात्र सवडीने तपास करता येतो.

या दिव्याचा जन्म हवेच्या स्वच्छतेसाठी झाला. गाडीने आपल्या धूरनियंत्रणावर स्वतःच पहारा ठेवावा, असा नियम अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९८८ च्या मॉडेलांपासून केला. १९९६ पासून त्या देशातील सर्व नव्या मोटारींना एकच सोळा टोकांचे सॉकेट व एकच संकेतभाषा लागू झाली. आपल्याकडे ही सुधारित पद्धती एप्रिल २०१३ पासून आवश्यक ठरली. ते सॉकेट बहुधा स्टिअरिंगखाली, चालकाच्या गुडघ्याजवळ असते. त्यात बसणारे लहानसे वाचकयंत्र बाजारात मिळते आणि मोबाइलवर संकेत दाखविते.

संकेत तक्रार नोंदवितो. बिघडलेल्या भागाचे नाव सांगतोच असे नाही. येथेच पुष्कळांचे पैसे वाया जातात. ‘पी ०१७१’ म्हणजे मिश्रणात इंधनाच्या मानाने हवा अधिक. हे वाचून ऑक्सिजन सेन्सर बदलणारे थोडे नाहीत. वास्तविक तो बिचारा बहुधा खरेच बोलत असतो, आणि हवा शिरत असते ती चिरलेल्या एखाद्या रबरी नळीतून!

‘पी ०३०१’ घ्या. ‘पी’ म्हणजे इंजिन व गिअर यांचा विभाग, शून्य म्हणजे सर्व कंपन्यांना समान संकेत, तीन म्हणजे प्रज्वलन, आणि शेवटचा एक म्हणजे पहिला सिलिंडर. तेथे ठिणगी चुकते आहे की इंधन, हे संकेत सांगत नाही. प्रत्येक सिलिंडरवर स्वतंत्र इग्निशन कॉइल असेल तर एक बिनखर्ची परीक्षा आहे. प्रथम संकेत, आणि त्या क्षणी नोंदलेले इंजिनाचे फेरे, वेग व तापमान कागदावर उतरून घ्यावे, कारण संकेत पुसताच ती नोंदही जाते. मग किल्ली काढून, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, पहिल्या व दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलांची अदलाबदल करावी. संकेत पुसून गाडी थोडी फिरवावी. आता ‘पी ०३०२’ उमटला, तर दोष कॉइलबरोबर दुसरीकडे गेला. तेवढी एकच कॉइल विकत आणावी. ‘पी ०३०१’ पुन्हा आला, तर हाच प्रयोग स्पार्क प्लगांवर करावा. सिलिंडरांचे क्रमांक कोठून मोजावयाचे, हे गाडीच्या पुस्तिकेत आधी पाहून घ्यावे.

एवढ्यानेही दोष जागचा हलला नाही, तर इंधन फवारणारा इंजेक्टर किंवा सिलिंडरचा दाब तपासावा लागेल. ते काम मिस्त्रीचे. त्याच्याकडे जाताना तो कागद मात्र बरोबर न्यावा, आणि काय काय बदलून पाहिले तेही त्याला सांगावे.