बारीक टायपातले पत्ते

शब्दकोशात अर्थ संपला की पुढे बारीक टायपात एक-दोन अक्षरं आणि काही आकडे असतात. बहुतेक जण ते ओलांडून पुढे जातात. मला तोच मजकूर सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो दुसऱ्या पुस्तकाचा पत्ता असतो.

ओवीचा पत्ता

दाते आणि कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत निघाला. त्यात ‘ज्ञा’ म्हणजे ज्ञानेश्वरी, ‘एभा’ म्हणजे एकनाथी भागवत, ‘दा’ म्हणजे दासबोध. समजा ‘दा ११.५.४’ असं दिसलं. अकरावा दशक काढा, त्यातला पाचवा समास काढा आणि चौथ्या ओवीवर बोट ठेवा. तुम्ही राजकारणाच्या निरूपणात येऊन पोचता. घरातला दासबोध कोणत्याही छापखान्याचा असो, पानाचा आकडा बदलेल, ओवीचा पत्ता सहसा बदलत नाही. कोशकार जणू सांगतात : अर्थ आम्ही दिला, आता तुम्ही पडताळून घ्या.

प्रत कोणती?

हा पत्ताही कधीकधी सरकतो. पसायदानाच्या नऊ ओव्या अनेक प्रतींत अठराव्या अध्यायात १७९४ ते १८०२ या क्रमांकांवर आहेत, तर काही प्रतींत त्या एखाद्या आकड्याने मागेपुढे होतात. तुकारामांच्या गाथेत फरक याहून मोठा आहे. गाथेची प्रत बदलली की अभंगाचा क्रमांकही बदलतो. म्हणून नुसता क्रमांक पुरत नाही, कोणती प्रत वापरली तेही लिहावं लागतं. प्रतीचं साल लिहिताना, जुन्या पुस्तकावर शक असेल तर त्यात ७८ मिळवावेत, म्हणजे इसवी सन मिळतो. शकवर्षाच्या अखेरच्या महिन्यांत मात्र ७९ मिळवावे लागतात.

‘पहा’ आणि बाण

मराठी विश्वकोशाचं काम वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली उभं राहिलं आणि पहिला खंड १९७६ साली आला. अकारविल्हे मांडणीत एकाच विषयाचे धागे वेगवेगळ्या खंडांत विखुरतात. ते जोडण्यासाठी नोंदीत काही नावांआधी बाणाची खूण असते आणि गरजेप्रमाणे शेवटी ‘पहा’ म्हणून इतर नोंदींची नावं येतात. बाण दिसला की त्या विषयावर स्वतंत्र नोंद आहे, असं समजावं.

तळटीप

संदर्भसूची लेखकाने कोणते ग्रंथ वापरले ते सांगते. नेमकं कोणतं विधान कुठून आलं, हे तळटीप सांगते. ‘तत्रैव’ म्हणजे लगेच वरच्या टिपेतलाच ग्रंथ. ‘उनि’ म्हणजे उपरिनिर्दिष्ट, आधी कुठेतरी नोंदवलेला ग्रंथ. लिहिणाऱ्याने इथे जपावं. दोन टिपांच्या मध्ये नवी टीप घुसली की खालचा ‘तत्रैव’ गुपचूप भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागतो. म्हणून हा शब्द अगदी शेवटचा हात फिरवताना घालावा.

मूळ कागदापर्यंत

वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडाने छापली. त्यातल्या पत्रांना लेखांक दिलेले आहेत. खंड आणि लेखांक सांगितला की वाचक थेट त्या पत्रापाशी पोचतो आणि इतिहासकाराने लावलेला अर्थ स्वतः तपासू शकतो. पण तेच पत्र आपण दुसऱ्याच्या पुस्तकात वाचलं असेल, तर त्या पुस्तकाचंच नाव द्यायला हवं. न उघडलेल्या खंडाचा पत्ता देणं हा खोटेपणा आहे, आणि मधल्या लेखकाची चूक त्यातून आपल्या नावावर पुढे जाते.

एक सवय

आज कोश उघडाल तेव्हा एक तरी पत्ता शेवटपर्यंत चालून पाहा. ओवी सापडली की वरच्या चार आणि खालच्या चार ओव्याही वाचा. शब्द तिथे आपल्या माणसांत बसलेला भेटतो, आणि कोशातल्या एका ओळीत न मावलेला अर्थ तिथे कळतो.