शंभर डॉलरांतले पंचावन्न सेंट

१९३३ साली अमेरिकेत दर चार कामकऱ्यांमागे एक बेकार होता. डोकी मोजली तर सव्वा कोटीच्या वर. १९३५ मध्ये रूझवेल्ट सरकारने बेकारांना मदत म्हणून एका दमात ४८८ कोटी डॉलर मंजूर करून घेतले. युद्ध नसताना त्या देशाने एका वेळी एवढा पैसा तोवर कधी काढला नव्हता. त्यातून ‘वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन’ उभं राहिलं आणि पुढच्या आठ वर्षांत त्याच्या मस्टरवर ८५ लाख लोक येऊन गेले.

त्यांनी काय केलं? रस्तेच घ्या. नवे आणि दुरुस्त केलेले धरून साडेसहा लाख मैल, म्हणजे जवळपास साडेदहा लाख किलोमीटर. ते एकापुढे एक जोडले तर चंद्रापर्यंत जाऊन परत येता येईल, शिवाय पावणेतीन लाख किलोमीटर शिल्लक राहतील. सार्वजनिक इमारती सव्वा लाख. रविवारची सुट्टीही न धरता, रोजच्या बेचाळीस! शेजारच्याच एका योजनेत तरुण पोरांनी ३०० कोटी झाडं लावली, ती वेगळीच.

मला मात्र यातल्या सगळ्यात लहान आकड्याचं नवल वाटतं. त्या ४८८ कोटींतले २.७ कोटी डॉलर नट, वादक, चित्रकार आणि लेखकांसाठी बाजूला काढले होते. शंभर डॉलरांतले पंचावन्न सेंट. आपल्याकडे दुष्काळी काम म्हटलं की खडी फोडणं आणि पाझर तलाव. ढोलकीवाला कामावर आला तरी त्याच्या हाती हातोडाच यायचा. योजनेचे प्रमुख हॅरी हॉपकिन्स यांचं म्हणणं साधं होतं: कलावंतांनाही पोट असतं. तेव्हा नटाला नाटकाचंच काम द्यायचं.

सरकारी नाट्ययोजना जेमतेम चार वर्षं चालली. हॅली फ्लॅनगन या बाईंनी ती चालवली आणि प्रेक्षक मिळवले सुमारे तीन कोटी. त्यातल्या बहुतेकांना तिकीटच नव्हतं. २७ ऑक्टोबर १९३६ च्या रात्री तर सिंक्लेअर लुईस यांच्या ‘इट कान्ट हॅपन हिअर’ या कादंबरीवरच्या नाटकाचे प्रयोग एकाच वेळी २१ नाट्यगृहांत लागले. न्यूयॉर्कमध्ये त्यातला एक यिडिशमध्ये होता, टॅम्पामध्ये स्पॅनिशमध्ये. अमेरिकेत हुकूमशाही आली तर काय होईल, हा त्याचा विषय. याच कादंबरीवर सिनेमा काढायचा बेत एमजीएम स्टुडिओने गुंडाळून ठेवला होता.

आता सिनेमाचा आकडा बघा. त्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत आठवड्याला सुमारे आठ कोटी तिकिटं खपत असल्याचा अंदाज आहे. लोकसंख्या तेरा कोटींच्या आसपास. सरकारी नाटकांना चार वर्षांत जेवढे प्रेक्षक लाभले, तेवढे सिनेमाला अडीच-तीन दिवसांत मिळत. तरी काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, खुपलं ते नाटक. १९३८ च्या चौकशीत एका सदस्याने फ्लॅनगनबाईंना विचारलं, हा मार्लो कम्युनिस्ट आहे का? ख्रिस्तोफर मार्लो हा इंग्रज नाटककार १५९३ मध्येच वारला होता. ३० जून १९३९ ला नाट्ययोजनेचे पैसे बंद झाले.

चित्रकारांचं काम १९४३ पर्यंत तग धरून होतं. आठवड्याला चोवीसएक डॉलरवर त्यांनी लाखभर चित्रं रंगवली. योजना गुंडाळताना न्यूयॉर्कमध्ये त्यांतल्या कॅनव्हासचे गठ्ठे चार सेंट पौंड दराने भंगारवाल्याला विकले गेले. विलेम डी कूनिंग हा त्या मस्टरवरचाच एक. त्याचं १९५५ मधलं ‘इंटरचेंज’ हे चित्र २०१५ साली सुमारे ३० कोटी डॉलरला गेल्याच्या बातम्या होत्या. महागाई धरून १९३५ मधल्या त्या २.७ कोटींचे तेव्हा ४६-४७ कोटी होतात. म्हणजे अख्ख्या तरतुदीच्या जवळजवळ दोन तृतीयांश रक्कम त्या एका चित्राने उभी केली. सरकारला अर्थातच त्यातला एक सेंटही मिळाला नाही.