चढावर झोपणारा वायपर

मित्रांनो, आलापल्लीहून भामरागडकडे जाणारा रस्ता ज्यांनी जुलै महिन्यात पाहिलाय, त्यांना पावसाबद्दल वेगळं सांगायला नको. पर्लकोटेला पूर आला आणि भामरागडचा संपर्क तुटला, ही बातमी आपण वर्षानुवर्षं वाचत आलो आहोत. पण पूर यायच्या आधीच्या दिवसांत गाड्या चालूच असतात. त्यातच माझ्या मामांची जुनी पेट्रोल जीप. मागे हौदा, त्यावर ताडपत्री, आत आठवडी बाजाराचा माल. थोडक्यात पिकअपच.

या गाडीची एक खोड होती. सपाट रस्त्यावर वायपर नीट फिरायचा, पण चढ लागला की काचेच्या मधोमध थांबायचा. मी विचारलं तर मामा म्हणाले, "पाय उचलला का चालते, पाय दाबला का झोपते. साधी गोष्ट हाये बे."

एका रात्री तांदळाची पोती भरून आम्ही चढ चढत होतो. पाऊस धो धो. वायपर झोपलेला. मामांनी सवयीने पाय उचलला, वायपर सटकन एकदा फिरला आणि समोर रस्त्यावर गुरं बसलेली दिसली. जीप त्यांच्यापासून दोन हातांवर थांबली. पाय उचलायला अजून दोन सेकंद लागले असते तर? त्या रात्री ठरवलं, हा वायपर बदलायचा. पण आधी तो झोपतो का, हे समजून घ्यायचं.

वायपर का झोपतो?

महिंद्रांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या काळातल्या अनेक गाड्यांप्रमाणे या जीपमध्येही वायपर विजेवर नव्हे, तर व्हॅक्यूमवर चालायचा. इंजिन हवा ओढतं तेव्हा इनटेक मॅनिफोल्डमध्ये दाब कमी होतो. तिथून एक रबरी नळी वायपरच्या डबीत जाते. डबीत एक पाकळी असते. एका बाजूची हवा ओढली की पाकळी तिकडे सरकते, टोकाला गेली की व्हॉल्व्ह पलटतो आणि ती उलटी येते. मोटर नाही, वायर नाही. कल्पना झकास!

पण गोम इथेच आहे. थ्रॉटल बंद असताना, म्हणजे इंजिन आयडलला असताना, मॅनिफोल्डमध्ये पाऱ्याचे साधारण १७ ते २१ इंच इतका व्हॅक्यूम असतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की थ्रॉटल उघडतो, हवा मोकळेपणी आत येते आणि व्हॅक्यूम जवळजवळ शून्यावर येतो. म्हणजे गाडीवर लोड आला की वायपरची ताकद गेली. चढ, ओझं आणि पाऊस एकत्र आले की वायपर दगा देणारच. मामांची जीप बिघडलेली नव्हती, ती तशीच बनवलेली होती. काही गाड्यांत यावर उपाय म्हणून पेट्रोल पंपालाच व्हॅक्यूमचा जोडभाग दिलेला असायचा, पण आमच्या जीपला तो नव्हता.

ज्यांनी अशा जीपमध्ये डिझेल इंजिन बसवून घेतलंय त्यांची गोष्ट आणखी निराळी. साधारणपणे डिझेल इंजिनाच्या हवेच्या वाटेत थ्रॉटल नसतो, त्यामुळे व्हॅक्यूमच तयार होत नाही. वेगळा व्हॅक्यूम पंप नसेल तर जुना वायपर नुसता शोभेला उरतो. मग वायपरला दोन्हीकडून सुतळी बांधून आतून ओढणं, काचेवर तंबाखू चोळणं असे जुगाड सुरू होतात. तंबाखू चोळल्याने पाण्याचे थेंब न होता पातळ थर पसरतो आणि थोडं बरं दिसतं हे खरं. पण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०१ यंत्रशक्तीवर चालणारा, कार्यक्षम वायपर मागतो. सुतळी त्यात बसत नाही!

किती वेगाने पुसलं पाहिजे?

थोडा हिशोब करू. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. वायपर पाच सेकंद झोपला तर आपण ५५ मीटर आंधळेपणाने गेलो. अमेरिकेच्या सुरक्षा नियमानुसार वायपरला किमान दोन वेग लागतात. जास्तीचा वेग मिनिटाला किमान ४५ फेऱ्या, कमीचा किमान २०, आणि दोन्हींत किमान १५ चा फरक. ४५ फेऱ्या म्हणजे जाऊन-येऊन ९० वेळा काच पुसली जाते, साधारण दर दोन तृतीयांश सेकंदाला एकदा. तेवढ्यात ४० च्या वेगाने गाडी साडेसात मीटर जाते. मुख्य म्हणजे हा वेग इंजिनाच्या लोडवर अवलंबून असता कामा नये. विजेची मोटर बसवायची ती याचसाठी.

आधी स्वस्तातलं काम

मोटर घ्यायला पळू नका. आधी रबर बघा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो. गाडी उन्हात उभी राहिली की रबर कडक होतं, त्याला चिरा पडतात आणि जूनमध्ये ते काच पुसण्याऐवजी पाणी सारवतं. दुसरं, हाताची स्प्रिंग. ब्लेडच्या दर मीटर लांबीला साधारण १५ न्यूटन दाब असावा असा ठोकताळा आहे. आमचं ब्लेड २८ सेंटीमीटरचं, म्हणजे सुमारे ४ न्यूटन, ४०० ग्रॅमच्या आसपास. स्प्रिंगच्या काट्याने हात ब्लेडच्या जोडापाशी उचलून पाहिला तर जेमतेम दीडशे ग्रॅम भरला. स्प्रिंग मेलेली होती.

जुन्या जीपची काच सपाट असते. तिला सपाट काचेचंच ब्लेड घ्या. नव्या गाड्यांचं आधीच वाकवलेलं ब्लेड कमी दाबाच्या हातावर लावलं तर टोकं टेकतात आणि मधला भाग उचललेला राहतो.

मोटर कोणती?

दोन रस्ते आहेत. पहिला, प्रत्येक वायपरला स्वतंत्र छोटी मोटर. दुसरा, एक मोठी दोन वेगांची मोटर आणि दांड्यांची जोडणी. दुसऱ्या प्रकारात थिअरी ऑफ मशीन्समधला फोर-बार समोर दिसतो. मोटरचा क्रँक ३५ मिलिमीटर, वायपरच्या शाफ्टवरचा हात ५० मिलिमीटर आणि मधली दांडी लांब असेल, तर साइन ०.७ वरून एका बाजूला सुमारे ४४ अंश, एकूण ८९ अंशांचा झाडू मिळतो. बंद केबिनच्या पिकअपला हाच प्रकार चांगला.

आमच्या जीपची काच मात्र पुढे पाडता येते. वायपरचे शाफ्ट काचेच्या चौकटीवर आणि दांड्या खाली बॉडीत, हे जमणार नव्हतं. म्हणून आम्ही दोन छोट्या मोटरी चौकटीवरच बसवल्या. वेग एकच मिळाला आणि दोन्ही वायपर एका तालात फिरत नाहीत, पण गाडी कापावी लागली नाही.

वायरिंगमध्ये या चार गोष्टी विसरू नका:

१. बॅटरीवर किती झाकणं आहेत ते मोजा. तीन असतील तर ६ व्होल्ट, सहा असतील तर १२. जुन्या जीपमध्ये ६ व्होल्टही सापडतात. १२ ची मोटर ६ वर रेंगाळते आणि ६ ची मोटर १२ वर जळते.

२. अर्थची वायर वेगळी ओढा. काचेच्या चौकटीचे बिजागर गंजलेले असतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. काच पाडताना ताण येऊ नये म्हणून वायर थोडी ढिली ठेवा.

३. फ्यूज हवाच. ब्लेड चिखलात अडकलं की मोटरचा प्रवाह कित्येक पटींनी वाढतो.

४. जुनी रबरी नळी काढल्यावर मॅनिफोल्डचं भोक घट्ट बंद करा. नाहीतर तिथून हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं आणि गाडी आयडलला थरथरते. आमच्याकडून हे राहिलं होतं. अख्खा एक दिवस आम्ही कार्ब्युरेटर खोलत बसलो!

एक किंमत मोजावी लागते, तीही सांगतो. आता वायपर बॅटरीवर जगतो. हेडलाइट आणि दोन मोटरी मिळून १२ व्होल्टवर सहज १४ अँपिअर ओढतात, आणि जुना डायनॅमो आयडलला फारसं काही देत नाही. रात्री पावसात गाडी उभी ठेवून बराच वेळ लाइट आणि वायपर चालू ठेवले तर बॅटरी बसते. अँपिअरच्या काट्यावर लक्ष ठेवा.

काम संपल्यावर त्याच चढावर पुन्हा गेलो. ओझं तेवढंच, पाऊसही होता. मामांनी ॲक्सिलरेटर दाबला आणि वायपर फिरतच राहिला. मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाय उचलाची सवय आता कशी मोडू बे?"

मित्रांनो, जुन्या गाडीत काही बदलायचं असेल तर ती वस्तू नेमकी कधी दगा देते हे आधी विचारा. उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं. आणि तुमच्या घरी अशी एखादी जीप असेल तर मे महिन्यातच काच पुसून, बादलीभर पाणी ओतून वायपर तपासा. पहिल्या पावसात तपासायला गेलात तर उशीर झालेला असतो.