ईस्ट-वेस्ट एअरलाइन्स कशी उभी राहिली, कशी बसली

१९९२ नंतर ज्या व्यापारी बांधवांनी मुंबईहून विमानाने ये-जा केली, त्यांना ईस्ट-वेस्टचे नाव आठवत असेल. आजच्या तरुण दुकानदारांनी ते ऐकलेही नसेल.

१९५३ च्या कायद्याने देशातील खासगी विमान कंपन्या सरकारजमा झाल्या होत्या. पुढे जवळजवळ चाळीस वर्षे वेळापत्रकाने विमान चालविणे हा सरकारचाच कारोबार राहिला. मग ‘एअर टॅक्सी’च्या नावाखाली दार किलकिले झाले. त्यातून प्रथम आत शिरले ते केरळातले मरहूम तकीउद्दीन वाहिद. आखाती देशांत कामगार पाठविण्याचा आणि तिकिटांचा त्यांचा मुंबईत धंदा होता. म्हणजे गिऱ्हाईक त्यांना आधीपासून माहीत होते, ही मोठीच पुंजी. २८ फेब्रुवारी १९९२ रोजी त्यांचे पहिले विमान उडाले. गंमत अशी, की एअर टॅक्सीला वेळापत्रक छापण्याची परवानगी नव्हती! तो जुना कायदा रद्द झाला मार्च १९९४ मध्ये.

तोवर दमानिया, जेट, मोदीलुफ्त, सहारा असे गडी मैदानात उतरले होते. ज्याला त्याला मुंबई-दिल्लीसारख्या कमाईच्या मार्गांवरच विमाने हवी होती. सरकारने तोट्याच्या मार्गांवरही ठरावीक उड्डाणे सक्तीची केली.

आता हिशेब पाहू. ईस्ट-वेस्टची बोइंग ७३७ विमाने भाड्याची होती. अशा विमानांचे भाडे डॉलरमध्ये असते, तिकीट मात्र रुपयात विकायचे. दोन-अडीच वर्षे डॉलर ३१ रुपये ३७ पैशांच्या आसपास होता. १९९५ च्या अखेरीस तो ३५ पर्यंत गेला. समजा एका विमानाचे महिन्याचे भाडे एक लाख डॉलर. तर काहीही न करता साडेतीन लाखांहून जास्त बोजा वाढला. सुताचा भाव चढला की कापडाचा भाव चढवायला आपण बिचकतो, तसेच हे. त्यातही आपले न विकलेले थान फडताळात पडून राहते, पुढच्या ईदला खपते. विमानाची रिकामी खुर्ची विमान उडाले की कायमची गेली. शिवाय विमानाच्या तेलावर राज्यांचा विक्रीकर, तो वेगळाच.

अशा ओढाताणीत १३ नोव्हेंबर १९९५ रोजी वांद्र्यात वाहिद यांच्यावर गोळ्या झाडून त्यांचा खून झाला. ऑगस्ट १९९६ मध्ये कंपनी बंद पडली. खुनामुळेच ती बसली असे सर्रास बोलले जाते. माझ्या मते ते अर्धेच खरे आहे. मोदीलुफ्तही १९९६ मध्येच थांबली. दमानिया एनईपीसीने घेतली, पुढे तीही संपली. तिथे कोणाचा खून झाला नव्हता. मात्र जिथे सगळी पत एका माणसाच्या नावावर असते, तिथे तो गेल्यावर घेणेकरी थांबत नाहीत, हे कापड बाजारात आपण पाहतोच.

सहारा २००७ मध्ये जेटने घेतली. जेटचे उड्डाण एप्रिल २०१९ मध्ये थांबले.